राजमाची शंकरपाळी

आज सकाळी कोपऱ्यावरच्या हातगाडीवर लाल भोपळा चिरून ठेवलेला दिसला आणि माझी पावलं आपोआप थांबली. भोपळा काही वर्षातून एकदाच मिळतो असं नाही. पण दिवाळी नुकतीच सरलेली, सकाळी अंगावर पातळ शाल घ्यावीशी वाटणारी, सप्तपर्णीच्या फुलांचा तो उग्रगोड वास सेक्टरभर रेंगाळलेला, आणि त्यात हा केशरी फोडींचा ढीग, असं सगळं जुळून आलं की आमच्या घरी एक ऋतू सुरू होतो. पंचांगात तो शोधू नका. भाजीवाल्याने सुरी उचलून विचारलं, "राजमे के बिस्कुट के लिए ना, भाभी जी?" मी मान डोलावली आणि हसले.

राजमा हे आमच्या घरमालकीणबाईंच्या कुत्र्याचं नाव. शिजवलेल्या राजम्याचा जो रंग, तोच त्याचा. आंटी वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली भाड्याने. माझा नवरा श्रीकांत केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे तीन-चार वर्षांनी संसार खोक्यांत भरायचा आणि नवीन गावी सोडवायचा, हे आमचं ठरलेलं. चंदीगडला आलो तेव्हा आमच्या सामानात एक ओव्हन होता. जुईच्या पाचव्या वाढदिवसाला केक करायचा म्हणून घेतलेला. तो केक मधोमध खचला आणि त्या दिवसापासून ओव्हनचं कपाट झालं. दोन कढया, पोळपाट, कुरडयांचा डबा असं सगळं पोटात घेऊन तो तीन गावं हिंडला. बायका घरी आल्या की "अय्या, तुमच्याकडे ओव्हन आहे?" म्हणायच्या आणि मी पटकन विषय बदलायची.

आणि कुत्रं? कुत्र्याने फाटकाबाहेर राहावं, माणसाने फाटकाच्या आत, ही माझी साधी, सुटसुटीत विचारसरणी. राजमा जिना उतरून अंगणात आला की मी पदर सावरून आत. तोही समजूतदार. माझ्याकडे बघायचा, एक सुस्कारा सोडायचा आणि श्रीकांतच्या स्कूटरशेजारी जाऊन पसरायचा. सहा महिने आमचं असं छान चाललं होतं.

मग आंटींच्या मुलीचे दिवस भरत आले. मुलगी कॅनडात, जावई एकटा, सासू नाही. आंटी निवृत्त शिक्षिका, दहा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून वर एकट्या. बाळंतपणाला जाणं भागच होतं, तेही चार महिन्यांसाठी. प्रश्न राजमाचा. नऊ वर्षांचं धूड, पाळणाघरात ठेवलं तर झुरेल. एका संध्याकाळी त्या खाली आल्या, माझा हात हातात घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मी नाही म्हणू शकले असते.

जाताना त्यांनी मला दोन पानी सूचना लिहून दिल्या होत्या. जेवणाची वेळ, फिरण्याची वेळ, कानात टाकायचं औषध, फटाके वाजले तर कुठल्या चादरीखाली घ्यायचं. शाळेत शिकवलेलं अक्षर, ओळ कुठे वाकडी नाही. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली आणि राजमा फाटकाशी जाऊन बसला. अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने जेवण सोडलं.

मी पानावर लिहिल्याप्रमाणे सगळं करत होते. दुपारी दीड वाजता गॅलरीत त्याची ताटली मांडायची, त्यात मऊ डाळभात, आणि लांब, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं. तो ताटलीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि तोंड फिरवून फाटकाकडे जायचा. पाणी प्यायचा, दोन चमचे ताक चाटायचा, बस. श्रीकांत त्याला अंगणात समजावायचा, "अरे असं करू नये, ती येणार आहे ना परत." जुई तेव्हा सातवीत होती. ती त्याच्या कानाशी जाऊन हिंदीत गयावया करायची. आमच्या जुईला मराठी सगळं समजायचं, पण मी मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत. "जेवलीस का?" "हाँ मम्मा, खा लिया." माझा जीव वरखाली व्हायचा, पण किती भांडणार?

आणि रोज संध्याकाळी आंटींचा फोन. तिकडे त्यांची सकाळ. पहिला प्रश्न एकच. "राजमे ने रोटी खादी?"

"हाँ आंटी जी, खाया. पूरा खाया."

हे मी का बोलले? कारण त्यांच्या मुलीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं आणि आंटींचा स्वभाव मला माहीत होता. राजमा उपाशी आहे कळलं असतं तर त्या तिथे मन घालून राहिल्याच नसत्या. कदाचित पुढच्याच विमानाने निघाल्या असत्या, आणि ती पोरगी परक्या देशात एकटी पडली असती. म्हणून मी खोटं बोलत गेले. फोन ठेवला की गॅलरीतली भरलेली ताटली माझ्याकडे बघत असायची. चौथ्या दिवशी राजमाच्या बरगड्या हाताला लागल्या. हो, हाताला. तोवर मी त्याला हात लावू लागले होते, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

मोहालीत जनावरांचे एक डॉक्टर आहेत, मूळचे दिल्लीचे, हसरे, वयाने तरुण. त्यांनी राजमाला तपासलं, रक्त तपासलं. आजार काही निघाला नाही. "दुखी है," एवढंच म्हणाले. पोट मात्र बिघडलेलं होतं, कारण फाटकाशी येणारेजाणारे सगळे दयेपोटी त्याच्यापुढे क्रीमची बिस्किटं आणि पराठ्याचे तुकडे टाकत होते, आणि त्यांतला एखादा तो चघळत होता, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी दुकानातलं सगळं बंद केलं. साखर नाही, मीठ नाही, चॉकलेट नाही, कांदा नाही, मनुका तर अजिबात नाही. मग म्हणाले, "मैडम, घर पे बिस्कुट बनाओ. सीताफल लो, उबालो, मसलो, ओट्स का आटा मिलाओ, ओवन में सेंक लो. पेट भी ठीक, खुशबू भी अच्छी. बस छिलका और बीज ध्यान से निकाल देना."

सीताफळ! मी खुर्चीत एकदम ताठ बसले. कारण मी सासवडची. आमच्याकडे सीताफळाच्या बागा. कुठलं फळ उद्या उघडणार, कुठलं परवा, हे आम्ही डोळे बघून सांगतो. हा माणूस इतका वेळ मला कुत्र्यांबद्दल शिकवत होता ते मी ऐकून घेतलं, पण सीताफळाबद्दल मी कुणाला प्रश्न विचारणार? उकडायचं का, एवढी शंका आली होती. पण हे उत्तरेकडचे लोक काय काय उकडतील याचा नेम नाही, असं म्हणून मी ती गिळली.

फळवाल्याकडे गेले. "भैया, सीताफल है?"

"वो तो सब्जी वाले के पास मिलेगा, मैडम."

मला त्याची कीव आली. त्याच्या समोरच, कागदाच्या कातरणांवर, सहा सीताफळं मानाने बसवलेली. "तो फिर ये क्या है?"

"ये? ये तो शरीफा है जी."

"शरीफा नहीं. सीताफल. हमारे यहाँ इसके बाग हैं."

त्याने हात जोडले. "आप कहती हो तो सीताफल." मी सहाच्या सहा उचलली आणि परदेशात आपला झेंडा रोवून आल्यासारखी घरी आले.

रविवार होता. कढया, पोळपाट, कुरडया बाहेर काढून ओव्हनला त्याचं मूळ काम परत दिलं. बिया काढायला एकटीने संध्याकाळ झाली असती, म्हणून श्रीकांतला आणि जुईला हाताशी घेतलं. ओट्यावर तिघांना जागा नाही. जमिनीवर चटई अंथरली, मध्ये परात, प्रत्येकापुढे एक वाटी. ज्यांनी सीताफळाचा गर काढलाय त्यांनाच ठाऊक, की ते काम हातांचं कमी आणि धीराचं जास्त. एकेक पाकळी, प्रत्येकीच्या पोटात ती काळी कुळकुळीत बी. बोटांना गोड चिकटा. मी सांगत होते, आम्ही लहानपणी बिया कशा पाण्याने धुऊन बिट्ट्यांसारख्या खेळायचो, माझे वडील पाडाचं फळ पेंढ्यात लपवायचे आणि माझा भाऊ ते कसं नेमकं हुडकायचा. जुई गर चाटत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मम्मा, ये सब तूने कभी बताया नहीं." खरंच, कधी सांगणार? आमच्याकडे श्रीकांत ऑफिसला जाताना घाईत खातो, जुई अभ्यासाच्या टेबलावर, आणि मी सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभ्या उभ्या, एका हाताने पातेली झाकत.

उकडायचं काही माझ्याच्याने झालं नाही. गर दोनदा चाळणीतून काढला, ओट्सचं पीठ घातलं. सवयीने वेलदोड्याच्या डबीकडे हात गेला, तो जुईने वरच्या वर धरला. पिठाचा गोळा हाताला सोडेना. बिस्किटांचा साचा घरात नव्हता, पण दिवाळीचं कातणं अजून ताटाळ्यातच होतं. लाटलं आणि फिरवलं कातणं. झाल्या शंकरपाळ्या. अर्ध्या तासाने ओव्हनमधून असा वास आला की श्रीकांत म्हणाला, "राजमाने नाही खाल्लं तर मी आहे."

ताट घेऊन आम्ही पुन्हा चटईवर बसलो, कारण कुणालाच उठायचं नव्हतं. श्रीकांतने एक तोंडात टाकली, जुईने एक, मीही एक. बिनमिठाची, बिनतुपाची, बाहेरून करकरीत आणि आत चिवट. आणि तेवढ्यात दारातून नखांचा टकटक आवाज आला. राजमा येऊन आमच्या तिघांच्या मध्ये बसला. मी हात पुढे केला. त्याने हुंगलं, एक शंकरपाळी उचलली, कुडुम कुडुम चावली, मग दुसरी, मग माझी बोटं चाटून लख्ख केली. कुत्र्याची जीभ इतकी गरम असते हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं. मला रडू आलं. आणि संध्याकाळी फोनवर मी पहिल्यांदा खरं बोलले, "खाया आंटी जी!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फुशारकीने फोन केला. म्हटलं, बाकी ठीक आहे, पण बिया काढता काढता दुपार गेली.

"दोपहर? चम्मच से खुरच दो जी, दो मिनट का काम है."

"दो मिनट कैसे? एक एक फाँक में एक एक बीज होता है."

पलीकडून अगदी सावध आवाज आला, "मैडम, आप वही लाई थीं ना? बड़ा सा, नारंगी, सब्जी वाला?"

असा उलगडा झाला, की दिल्लीकडे लाल भोपळ्याला सीताफल म्हणतात. मी आणि माझं सासवड, आम्ही दोघं फोन धरून तसेच उभे राहिलो. डॉक्टरांनी हसू आवरून विचारलं, एकही बी पोटात गेली नाही ना, ती विषारी असते. गर थोडा चालेल म्हणाले, पण फार गोड, रोज नको. त्या दिवशी मी राजमाच्या समोर स्टूल टाकून बसले आणि त्याचा श्वास न् श्वास बघितला. श्रीकांत म्हणाला, "अगं, सासवडच्या बाईने काढलेला गर आहे, त्यात बी राहील का?" एरवी मी या टोमण्यावर चिडले असते. त्या दिवशी मी त्याचा आधार घेतला. दुपारी राजमाने दणदणीत आवाजात पोटातला वायू मोकळा केला आणि शांत झोपला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मग खराखुरा भोपळा आणला. उकडला, कुस्करला, ओट्सचं पीठ, चमचाभर दही. सुरेख लाटलं गेलं, केशरी, मऊ. शंकरपाळ्या अशा खरपूस झाल्या की फोटो काढला. दीड वाजता गॅलरीत ताटली मांडली आणि लांब उभी राहिले.

राजमाने ताटलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. तोंड फिरवलं आणि फाटकाकडे गेला.

दुसऱ्या दिवशीही तेच. आता मात्र माझं धैर्य खचलं. संध्याकाळी फोन आला, तोच प्रश्न आला, आणि मला "हाँ" म्हणता येईना. सगळं सांगून टाकलं. पाच दिवस खोटं बोलले, तो जेवत नाही, त्याला शरीफाच हवा असं दिसतंय आणि डॉक्टर तो देऊ देत नाहीत, माझं चुकलं, मला कुत्र्यांतलं काही कळत नाही. मला वाटलं, झालं, आता तिकीट काढणार.

"पुत्त," त्या म्हणाल्या, "रोटी रखती किधर हो?"

"गॅलरी में, आंटी जी. उसकी प्लेट में. आपने लिखा था वैसे, डेढ़ बजे."

"और तू?"

"मैं अंदर. किचन में."

"ओहो," असा एक लांब उद्गार आला, हसण्याच्या आणि रडण्याच्या मधला. "ए तां मैं लिखिया ही नहीं. ओ ते मेरे नाळ खांदा सी. नौं साल तों असी दोवें नाळ ही खांदे हां."

नाळ. पंजाबीत नाळ म्हणजे सोबत. आंटींच्या तोंडी तो शब्द चांगला आपल्यासारखा ळ घेऊन येतो, आणि मी मराठी बाई, मला नाळ म्हटल्यावर जे ऐकू यायचं तेच ऐकू आलं. दोन पानं भरून सूचना लिहिणाऱ्या त्या काटेकोर बाईंना ही एक गोष्ट लिहावीशी वाटली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. नऊ वर्षं दुपारी दीड वाजता वेताच्या मूढ्यावर बसून त्या जेवायच्या आणि पायाशी राजमा. आधी पिल्लू होता, मग थोराड झाला. त्याला सीताफळाशी देणंघेणं नव्हतं. रविवारी आम्ही तिघं जमिनीवर बसून खात होतो, म्हणून तो आला होता.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता श्रीकांत ऑफिसात, जुई शाळेत. मी माझं ताट वाढून घेतलं. वरण, भात, भोपळ्याची भाजी, उरलेल्या भोपळ्याचीच. गॅलरीत चटई टाकली. त्याची ताटली माझ्या ताटाला लावून ठेवली. उन्हाची एक पट्टी होती, तिच्यात दोघं बसलो. मला अवघडल्यासारखं झालं होतं, कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून. मी घास घेतला. राजमाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जेव रे बाळा." त्याने मान खाली घातली आणि ताटली चाटूनपुसून साफ केली.

गरम जेवण, बसून, ऊन पाठीवर घेत. असं मी शेवटचं कधी जेवले होते ते मला आठवेना. कुत्र्याला खाऊ घालायला म्हणून बसले आणि मीच पोटभर जेवून उठले.

पुढचे चार महिने रोज दीड वाजता आमची पंगत. भोपळा संपला की रताळं, रताळं संपलं की गाजर. लाल दिल्ली गाजरांनी शंकरपाळ्यांना असा रंग यायचा की जणू लग्नघरचा फराळ. जानेवारीत धुकं इतकं दाट, की फाटक दिसायचं नाही, आणि ओव्हनपाशी आम्ही चौघं शेकत बसलेले. आंटींच्या मुलीला मुलगी झाली, व्हिडिओ कॉलवर तिची मूठ दिसली आणि राजमाने स्क्रीन चाटली. आंटी फाल्गुनात परतल्या. राजमाने अंगणात तीन फेऱ्या मारल्या, रडला, लोळला. मग वर गेल्यावर त्यांनी ताटली ठेवली आणि म्हणाल्या, "खा लै." तो नुसता बघत बसला. याला तू काय म्हणायचीस, असं त्यांनी जिन्यातून ओरडून विचारलं, "तुसी की कहिंदे सी इसनूं?" मी खालून ओरडले, "जेव रे बाळा!" आणि वरून कुडुम कुडुम ऐकू आलं. आंटी आजही त्याला असंच जेवायला बोलावतात. बाळा त्यांना एका झटक्यात जमलं, ळ त्यांचाच आहे. आमच्या जुईला मात्र शाळेच्या हिंदीने त्या ळचा ल करून दिलेला.

आज तो भोपळा घेऊन घरी आले. राजमा आता बाराचा झालाय, तोंडावर पांढरं आलंय, जिना उतरताना दर पायरीला विचार करतो. दात कमी झालेत, म्हणून शंकरपाळ्या जरा मऊ काढते. जुई दहावीत आहे, पूर्वपरीक्षा डोक्यावर. बदलीचं पत्रही कधीही येईल, या घरात अजून किती भोपळे चिरायचे कोण जाणे. मी तो विचार बाजूला सारला आणि कातणं हातात घेतलं.

पहिलं ताट ओव्हनमधून निघालं तेव्हा आंटी खाली आल्या होत्या, मूढा त्यांनी स्वतःच आणला होता. जुई पुस्तक पालथं टाकून जमिनीवर, तिच्या मांडीवर राजमाचं डोकं. मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि दुसरा घाणा घालायला वळले. जुनी खोड. म्हटलं, तुम्ही घ्या, मी ओट्याशी घेते उभ्यानेच.

राजमाने शंकरपाळी तोंडात धरली होती, पण चावत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

जुईने चटईवर हात थोपटला. पोरीचा ळ अगदी नीट लागला होता.

"आई," ती म्हणाली, "आमच्या नाळ बस ना."

ओव्हन तसाच उघडा टाकून मी जाऊन बसले.